बांध चुकलेली मेंढरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. शेजारच्या रानाचे भाऊ ऊसतोडीला गेले होते. जाताना त्यांनी एका धनगरणीला ज्वारी दिली होती. बदल्यात तिनं एक रात्र त्यांच्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे लेंडीखत मिळेल. ती बांध चुकून माझ्या रानात उतरली. मी बघितलं आणि गप्प राहिलो.

सकाळी तिला कळलं. “आवं दादा, बोलला कावून न्हाई?”

पदरातलं कोकरू हलेल इतकी ती खदखदून हसली. “आता हागलेलं माघारी नेता येतंय व्हय? भाऊला तुमीच सांगा!” आणि कळप हाकत निघून गेली.

पुढच्या हंगामात माझी ज्वारी डोक्याच्या वर गेली. भाऊच कौतुकानं गावभर सांगत फिरले. तिचं हसू आठवलं की मलाही हसू येतं. पण भाऊंच्या रानाला मी अजून एका रात्रीची मेंढरं देणं लागतो.