आमच्यात भाडेकरू न्हाईत

आबा भाडेकरूच्या घरी पाणी प्यायचे नाहीत. मी त्यांच्या खोलीत आठ वर्षं राहिलो, एकदाही प्यायलेले पाहिले नाहीत. दारात आले की रिवाजाप्रमाणे कुणीतरी तांब्या-भांडं पुढे करायचं आणि आबा दोन्ही हात छातीशी नेऊन म्हणायचे, "नगो नगो, आत्ताच पिऊन आलोय की. बसा तुमी." मला वाटायचं, काय सज्जन माणूस आहे, कुणाला पेलाभर पाण्याचाही त्रास द्यायचा नाही. तेव्हा मला सज्जन फार लवकर दिसायचे.

चंदगडहून कोल्हापुरात आलो आणि शाहूपुरीत पंपांच्या दुकानात नोकरीला लागलो, तेव्हा कुणीतरी आबांचं नाव सांगितलं. रस्त्याला तोंड करून त्यांचं दुमजली घर. दर दिवाळीला नवा रंग, दारात पितळी घंटा. शेजारच्या बोळातून मागे गेलं की एका रांगेत चार खोल्या, वर पत्रे, पुढे फरशीचं अंगण आणि कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून एक संडास, एक मोरी. मी खोली बघायला गेलो तर आबांनी आधी पाटावर बसवलं. सहा फूट उंची, झुपकेदार मिशा आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाचा रिक्षावाला मागे वळून बघेल. "आदी प्वाट, मग खोली! आमच्यात भाडेकरू न्हाईत, पावणं. आमच्यात पावणं ऱ्हात्यात." पांढरा रस्सा झाला, तांबडा झाला, सुकं मटण झालं. भाकरी संपायच्या आत दुसरी ताटात पडत होती. मग ढेकर देत मी खोली बघितली. तुडुंब जेवलेल्या माणसाला सगळ्याच खोल्या चांगल्या दिसतात, हे आबांना पुरतं ठाऊक होतं.

खोलीत तीन कॅलेंडरं होती, तिन्ही जुन्या वर्षांची. राहायला आल्यावर मी ती उतरवली. पहिल्याच्या मागे भिंतीला काळी लव आली होती, मांजराच्या पाठीसारखी. दुसऱ्याच्या मागचा गिलावा कॅलेंडरासकट हातात आला. तिसऱ्याच्या मागे काय होतं ते मी नीट पाहिलं नाही, झुरळं आधी बाहेर आली. आम्ही चंदगडची माणसं पावसात वाढलेली, ओल आम्हाला नवी नाही. पण ओलीचा वास वेगळा आणि कुजण्याचा वास वेगळा. मी कॅलेंडरं होती तिथे परत लावली.

तक्रार करायची कशी, हेही मी लवकरच शिकलो. शिकलो म्हणजे, करता येत नाही हे शिकलो. संडासाचं दार खालून वीतभर कुजलं होतं, आत बसलेल्याचे पाय अंगणातून दिसायचे. बायका बादली आडवी लावून बसत. मोरीच्या भोकातून घुशी वर यायच्या. हे सांगायला पुढच्या घरी जावं तर आबा पायरीवरूनच ओरडायचे, "या या पावणं, टायमाला आलासा! अगं, ताट घे!" तोंडात घास असताना संडासाचं बोलायचं कसं? धीर करून कुणी बोललंच तर आबा अजिबात रागवायचे नाहीत. "बघू की," म्हणायचे. "बघू की, कुटं पळून जातंय?" आणि वाटीत अजून एक पळी रस्सा. माणूस हात धुऊन परत यायचा, तो खाल्ल्या मिठाला जागत पुढचे सहा महिने गप्प. दार तसंच राहिलं. एकदा मात्र आबांनी संडासात लावायला उदबत्तीचा पुडा पाठवला होता.

हे सगळं सोंग होतं असं म्हणता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. माझे वडील इथे दवाखान्यात होते तेव्हा नऊ दिवस दोन्ही वेळचा डबा आबांनी स्वतः स्कूटरवरून आणून दिला. वडिलांचे पाय चेपत बसले. "तुमी काळजी करू नगासा, मी हाय की," असं ते म्हणायचे आणि खरोखरच असायचे. त्यांना माणसं आवडायची, भरवायला आवडायचं. फक्त त्याच माणसांना राहायला जे दिलंय ते माणसांनी राहण्यासारखं नाही, हे त्यांच्या मनाला शिवतच नव्हतं. की शिवत होतं? पाण्याचा प्रकार झाल्यावर मला याचं उत्तर मिळालं.

तिसऱ्या खोलीत विजय आणि सारिका राहायला आले. दोघं शाहूवाडीकडची, लग्नाला वर्ष झालेलं. विजय दुधाच्या गाडीवर होता. सारिकाला पाचवा महिना. पोरगी नाकाची तिखट. आल्या आठवड्यातच ती कळशी घेऊन माझ्या दारात आली.

"दादा, वास बघा. आमच्याकडं म्हशीलाबी असलं पाणी दावत न्हाईत."

वास होता. आम्हा बाकीच्यांची नाकं मेली होती. ती पाणी चार पदरी फडक्यातून गाळायची, तुरटी फिरवायची, तरी वास तसाच. "तुमी पंपाच्या दुकानात हाय न्हवं? जरा टाकी उघडून बघा की."

रविवारी मी अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण काढलं. त्यात सकाळी नळाचं पाणी पडायचं आणि मोटरीनं ते वर चढायचं. बॅटरी मारली. एका बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत काळी, आणि मधल्या चिरेतून बारीक धार पाझरत होती. त्या बाजूला काय आहे ते सांगायला इंजिनियर नको होता. त्या बाजूला हातभर अंतरावर संडासाची टाकी होती. म्हणजे आम्ही चार घरं आमचीच घाण गाळून, तुरटी फिरवून पीत होतो. मी झाकण लावलं आणि मोरीत जाऊन ओकलो.

तसाच पुढे गेलो. आज जेवायचं नाही, असं ठरवूनच गेलो. आबांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "बघू की. पावसाळा सरू दे, सगळं फोडून नवीन करू. आत्ता फोडलं तर पावण्यांची गैरसोय हुईल. बसा." खांद्यावर त्यांचा हात पडला आणि मी बसलो. कसा बसलो, हे मला आजही सांगता येत नाही. रस्सा झणझणीत होता, मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. त्या पाण्याला वास नव्हता.

मी पेल्याकडे बघत राहिलो. आबांच्या ते लक्षात आलं. "ह्यो आमचा निराळा नळ. आमच्या म्हाताऱ्याच्या येळचा," ते म्हणाले, आणि माझ्या ताटात नळीचं हाड टाकलं. आठ वर्षांचं "आत्ताच पिऊन आलोय" मला त्या क्षणी कळलं. त्यांना माहीत होतं. आज नाही, पहिल्यापासून. आणि हे कळल्यावर मी काय केलं? ते हाड चोखलं.

परत आलो तर सारिका दारात उभी. "काय म्हनले?"

"पावसाळा झाला की करतो म्हणालेत. तोवर उकळून प्या."

चिरेबद्दल मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं अंगणात उभं राहून आबांचा उद्धार केला असता, आणि मी त्यांचा मिंधा. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानातून पाण्याचा जार आणायला लागलो. माझ्या एकट्यासाठी. "जार कशाला वो दादा?" तिनं विचारलं. पोट बिघडलंय म्हणालो. आबांची किळस यायच्या आधी मला स्वतःची यायला हवी होती, पण माणूस स्वतःच्या बाबतीत उशीर करतो.

सारिका उकळायची. पण गॅस पुरवायचा असतो, भांडी विसळायची असतात, चूळ भरायची असते. पावसाळा सरायच्या आत कडेच्या खोलीतली म्हातारी पिवळी पडली, मग सारिका. तिला सातवा लागला होता. डॉक्टर म्हणाले, गरोदर बाईला ही कावीळ सगळ्यात वाईट. सहा दिवस ती जगते की मरते असं चाललं होतं. ती जगली. बाळ गेलं.

सातव्या दिवशी मी दवाखान्यात होतो तेव्हा आबा आले. हातात चार पुडांचा डबा. आजाऱ्याला तेल-तिखट चालत नाही म्हणून सारिकासाठी मऊ भात वेगळा, बाकीच्यांसाठी मटण. त्यांचे डोळे लाल होते, आणि ते रडले होते हे खरं आहे. सारिकाची आई खाटेशेजारी बसली होती. बारकीशी बाई, आल्यापासून कुणाशी चार शब्द बोलली नव्हती. ती उठली. खोलीवरून लेकीचे कपडे आणताना तिनं तिथल्याच माठातून बाटली भरून आणली होती. विजयनं ते पाणी कुणालाच पिऊ दिलं नव्हतं, पण तिनं ते ओतूनही दिलं नव्हतं. तिनं पेला भरला आणि आबांच्या पुढे धरला.

"पावणं, पाणी घ्या."

"नगो मावशी, आत्ताच पिऊन..." आबा बोलता बोलता थांबले.

"घ्या की. तुमच्याच घरचं हाय."

बाईचा हात पुढेच होता. आबांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन म्हणून. मी खाली बघितलं. आबांनी डबा स्टुलावर ठेवला आणि ते निघून गेले. त्या दिवशी त्यांचा आवाज जिन्यावरही ऐकू आला नाही. बाईनं डबा उचलून दाराबाहेर ठेवला, मग माझ्याकडे वळली. "आनि तुमी. जार तुमच्या एकट्यापुरताच व्हता न्हवं?"

पुढच्या आठवड्यात आबांनी गवंडी बोलावला. त्यानं टाकीच्या आतून त्या चिरेवर सिमेंटचा हात फिरवला आणि दुपारी निघून गेला. संडासाची टाकी होती तिथेच राहिली. "बघा, केलं का न्हाय?" आबा सगळ्यांना झाकण उघडून दाखवत होते. विजय-सारिका गावी परत गेले, मी महिन्याभरात दुसरीकडे खोली घेतली. निघताना आबांनी जेवायला बोलावलं होतं. मी गेलो नाही. माझी मर्दुमकी एवढीच.

गेल्या महिन्यात आबा गेले. झोपेतच गेले म्हणे. बाराव्याला मी गेलो, कारण वडिलांचे ते नऊ डबे डोक्यातून जात नव्हते. घरापुढे मांडव, फोटोला हार, आणि जो तो म्हणत होता, लई दिलदार माणूस, दारात आलेला कधी उपाशी गेला न्हाय. हे शंभर टक्के खरं होतं. थोरल्या मुलानं माझे हात धरले. तोच आवाज. "जेवल्याशिवाय जायचं न्हाय, पावणं."

मी बोळातून मागे गेलो. संडासाला पत्र्याचं नवं दार होतं. तिसऱ्या खोलीत दोन मुली राहात होत्या, कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या. दारात उभा राहून मी पाणी मागितलं. एकीनं पेला आणून दिला. मी तो नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मग उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. चीर सांगितली, सारिका सांगितली, माझा जारही सांगितला. पुष्कळ उशिरा सांगितलं, पण एक शब्द गाळला नाही.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. धाकटी म्हणाली, "वास येतोय, खरं हाय. आमी आबांना म्हनलं पण हुतं." तिनं खाली ठेवलेला पेला उचलला. "ते बघू की म्हनले. आनि लई प्रेमानं जेवाय घातलं त्यांनी आमाला."

पुढून हाक आली, पानं वाढली होती. थोरलीनं ओढणी सारखी केली आणि चपला घालता घालता म्हणाली, "काका, चला की. न्हाय गेलं तर वाईट दिसंल."