तपकिरीच्या डबीतली खरखर

आयुष्यात बावळटपणा मी पुष्कळ केला, पण भरल्या मैदानात वाजणारी गिटार मुकी करण्याचा पराक्रम एकदाच. तोही गिटारीला हात न लावता, निपाणीच्या आमच्या घरात बसून, पदराच्या टोकानं. तेव्हा मी नवी सून होते. खानापूरची मॅट्रिक पास. स्वच्छतेचं ज्ञान जगात फक्त आपल्यालाच आहे आणि ते या तंबाखूच्या गावाला द्यायलाच आपलं लग्न इथं झालंय, अशी माझी पक्की समजूत होती. आता नातवंडं मला म्हणतात, ‘आजी, तू सारखं पुसत का बसतेस?’ त्यांना काय सांगू, ही तर सुधारलेली आजी आहे...

ज्या डबीपायी हे घडलं, ती डबी करणारी माझी धाकटी नणंद सुमन गेल्या महिन्यात वारली. बेळगावजवळ पिरनवाडीला लेकीकडे होती. सकाळी भाचीचा फोन आला, ‘मामी, आई...’ म्हणाली आणि पुढं बोलेना. मी विचारलं, ‘काल जेवली होती का?’ अशा वेळी माणूस काय विचारेल याला धरबंध नसतो. आम्ही पोचलो तेव्हा दारात शेजारणी होत्या, आणि त्यांच्या पलीकडं काही पांढऱ्या केसांचे ऑर्केस्ट्रावाले. एकाच्या डोक्यावर फेल्ट हॅट, एकाची मागं बांधलेली शेंडीएवढी वेणी. शेजारणींना सुमन ठाऊक होती ती मिक्सर आणि इस्त्री दुरुस्त करून देणारी काकी म्हणून. त्यातली एक माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘ही वाजवणारी माणसं हिच्या कुठली हो ओळखीची?’ मी म्हटलं, ‘हिच्या डब्यांची.’ तिला वाटलं, सुमन जेवणाचे डबे करायची.

माझ्या यजमानांचं निपाणीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक बाक, एक स्टूल आणि भिंतभर पोट फाडलेले रेडिओ. घरी सासूबाई आणि सुमन बिड्या वळायच्या. मी वळत नव्हते. माझ्या वडिलांनी बोलणी करतानाच सांगितलं होतं, ‘आमची मुलगी शिकलेली आहे, बिड्यांना बसणार नाही.’ सासूबाई तेव्हा ‘बरं’ म्हणाल्या होत्या, पण तो ‘बरं’ पुढं रोज भाकरीबरोबर माझ्या ताटात पडत असे. सुमन दुपारपर्यंत मांडीवर पानं-तंबाखूची सुपली घेऊन बसे आणि मग दुकानात पळे. भावाची नजर बारीक कामाला कमी पडू लागली होती, म्हणून सोल्डरिंग तीच करी. पानावर चिमूटभर तंबाखू पसरून न बघता गुंडाळायची सवय झालेली बोटं ती, तांदळाएवढ्या भागांना तिथं कसली भीती! चौकोनी बॅटरीत दम आहे की नाही हे ती जीभ लावून बघायची. एकदा मला म्हणाली, ‘वैनी, बघ तरी, आंबट लागतंय.’ मी लावली, आणि अशी किंचाळले की समोरचा शिंपी मशीन सोडून धावत आला. सुमी बाकाखाली बसून हसत होती.

साल अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी असावं. बेळगावच्या कॅम्पातून अँथनी नावाचा एक गिटारवाला दुकानात आला. ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याच्याकडं परदेशातून आलेली, पायानं दाबायची एक पेटी होती, विटेएवढी जड, आणि बंद पडलेली. ती चालू असली की गिटारीचा सरळ आवाज जाड आणि खरबरीत व्हायचा, एखाद्या घसा बसलेल्या पैलवानानं तान घ्यावी तसा. सुमननं ती उघडली, तुटलेली वायर जोडली, आणि मिटायच्या आधी आत बराच वेळ बघत राहिली. मग यांना म्हणाली, ‘आण्णा, ह्येच्यात हाय काय? दोन ट्रान्झिस्टर आन् बाकी सगळी मोकळी जागा. एवढी मोठी पेटी कशापायी?’ अँथनी म्हणाला, ‘तेच तर! गिटार, बॅग आणि ही वीट घेऊन मी यष्टीत चढतो कसा, माझं मला माहीत. खिशात बसेल अशी करून दे बाई, जन्मभर नाव घेईन.’

सुमननं ते मनावर घेतलं. सासूबाई दाताला तपकीर लावत. त्यांची रिकामी झालेली चपटी पत्र्याची डबी तिनं उचलली. जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर काढले. सगळं इतकं खेटून बसवलं की आत मुंगीला अंग चोरून चालावं लागलं असतं. वायरी जोडायच्या खोबणी त्यात मावेनात, म्हणून वायरीच शेपटासारख्या दोन बाजूंनी बाहेर काढल्या. बॅटरीही मावली नाही, ती बाहेर रबरानं बांधली. झाकणावर टेबललॅम्पचं बटण. पहिल्यांदा वाजवून दाखवली तेव्हा सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘अगं, माणसं रेडिओतली खरखर काढाय येत्यात, आन् तू खरखर घालाय बसलीस व्हय?’ सुमी म्हणाली, ‘आई, भाकरीचा करपल्याला पापुद्रा तूच मागून घेतीस न्हवं?’

पण सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. घरात वळणाऱ्या बायका दोनच होत्या आणि त्यातली एक दिवसेंदिवस दुकानात जास्त रमायला लागली होती. बिडी कारखान्यात माल कमी जायला लागला होता. त्यांनी एक दिवस सरळ सांगून टाकलं, ‘बेळगावात त्या अँथनीच्या कार्यक्रमात तुझी डबी वाजली, तर बस बाकावर, मी बिडीचं नाव काढायची न्हाय. न्हाय वाजली, तर दुकान इसरायचं. सकाळपास्नं रातपतूर सुपली.’ सुमननं मान डोलावली. त्या आठवड्यात ती एकदाही हसली नाही. दुकानात अँथनीनं डबी वाजवून बघितली, खूश झाला, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती घेऊन आम्ही सगळ्यांनीच बेळगावला यावं असं ठरलं.

निघायच्या दिवशी सकाळी डबी देवळीत ठेवलेली होती. मी ती हातात घेतली आणि मला धडाधड तीन शिंका आल्या. तपकिरीचा वास! मला वाटलं, कॅम्पातली माणसं, चर्चमध्ये जाणारी, इंग्रजी बोलणारी... ती काय म्हणतील आमच्या घराला? मी राखेनं डबी बाहेरून घासून लखलखीत केली. मग झाकण उघडलं. आत, झाकणाच्या खालच्या अंगाला, बिडीच्या, म्हणजे टेंभुर्णीच्या, वाळक्या पानाचा एक नीट कातरलेला तुकडा होता. आमच्या घरी पानाचे तुकडे कुठं नसत? अंथरुणात, पिठात, माझ्या वेणीत. आमटीतून तर रोज निघे. मी तो चिमटीत धरून केरात टाकला, पदराच्या टोकानं आतली तपकीर टिपली, झाकण लावलं, आणि स्वतःवरच खूश झाले.

कॅम्पातल्या एका शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता. उन्हं कलली होती. अँथनीनं डबी पायाशी ठेवली, दुसरं की तिसरं गाणं आलं, आणि त्यानं ऐटीत बटणावर बूट ठेवला. गिटार गप्प. बूट उचलला, गिटार बोलायला लागली. परत ठेवला, परत गप्प. पुढच्या रांगेतल्या पोरांना वाटलं, ही गंमतच आहे. त्याचा बूट खाली गेला की ती ‘गेऽऽली’ म्हणून ओरडायची. शेवटी त्यानं वाकून वायर उपसली आणि सरळ वाजवलं. सुमन माझ्या शेजारी बसली होती. तिनं मांडीवरचा पदर बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला... बिडी वळल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन सुपली मांडीवर घेऊन बसली. शब्द दिला होता, पाळला. तिची डबी यांनी आणून तिच्यासमोर ठेवली. ‘उघड तरी सुमे. काय झालंय ते बघून मग मीट.’ तिनं नको नको म्हणत झाकण काढलं, आणि तिची बोटं थांबली.

‘वैनी, हितलं पान कुठं गेलं?’

इथं खरं तर मी गप्प बसायचं. पण मी म्हणजे मी! कमरेला पदर खोचून मोठ्या अभिमानानं सांगितलं, ‘ते होय? ते मीच काढलं. कचरा होता आत. सगळी डबी घासून-पुसून दिली मी, कुणाच्या लक्षात तरी आलं का?’

यांनी डोळे मिटून घेतले. सुमननं आईकडं बघत हळूहळू सांगितलं. झाकण पत्र्याचं, आतलं सोल्डर झाकणाला टेकलं की आवाज तिथंच मरतो. जागा एवढी अडचणीची की मध्ये पुठ्ठासुद्धा मावत नव्हता. म्हणून तिनं पान इस्त्रीखाली वाळवून कातरून बसवलं होतं. बूट पडला की झाकण दबतं, आणि पान नसल्यावर थेट सोल्डरला टेकतं. माझं मॅट्रिक, माझी राख, माझा पदर, सगळं एका क्षणात कळलं. सुमन मात्र रागावली नाही. तिचा चेहरा एकदम असा मोकळा झाला की मला त्याचीच जास्त लाज वाटली. डबी चुकली नव्हती!

सासूबाईंनी हातातली बिडी पुरती वळली, दोरा बांधला, टोक मोडलं. मग लेकीच्या मांडीवरची सुपली उचलली आणि माझ्यासमोर धरून म्हणाल्या, ‘सुमे, ऊठ, जा बाकावर, तुझी डबी चांगलीच हुती. आन् शालन, तू बस हितं. पान कशापायी असतंय, ते कळंस्तवर उठायचं न्हाय.’