बेचिराग टेपवाडी

धरणाचं पाणी चढलं तशी टेपवाडी चारी अंगांनी पाण्यात उभी राहिली. बावीस घरं पल्याड हलली. बाईजा एकटीच मागं राहिली. नवऱ्याला, नामाला, तिनं तिथंच अग्नी दिला होता.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात होडीवाला धाकलू बोलला, "काकी, परवा तलाठी येनार. गाव बेचिराग लिवनार."

"म्हंजी रे?"

"चिराग म्हंजी दिवा. दिवा नाय ते गाव."

बाईजाला वाटलं, एवढंच ना! तलाठी होडीतून उतरला तेव्हा भर दुपारी बावीस जोत्यांवर बावीस पणत्या जळत होत्या.

"आजी, हे काय?"

"मोज. एक पन इझली नाय."

"दिवे नाय, माणसं मोजतात."

"मंग मी काय वांगं हाय?"

धाकलू फिसकन हसला. तलाठी हसला नाही. त्यानं कागद लिहून काढला आणि शाईचा पॅड पुढं केला. "साक्षीला गावातलंच माणूस लागतं."

"मीच हाय की गावात!" म्हणत बाईजानं ऐटीत अंगठा उठवला.

कागदावर लिहिलं होतं, गावात कोणीही राहत नाही. खाली गावात राहणाऱ्या एकटीचा अंगठा.