खंडेनवमीचा हार आणि साध्या पाण्यातले मासे

“सरांच्या हातून कीटकनाशक साध्या पाण्याच्या पिंपात सांडले आणि वर्षभराचा प्रयोग वाया गेला, वयोमानाने असे होतेच.”

हिंगोलीच्या आमच्या महाविद्यालयाच्या स्मरणिकेत माजी विभागप्रमुखांनी माझ्याविषयी हे वाक्य छापले आहे. ‘वयोमानाने’ हा शब्द त्यांनी सहानुभूतीपोटी योजला, असे मला कळवण्यात आले. त्या सहानुभूतीचा मी साभार अव्हेर करतो. आयुष्यभर पोटापेक्षा हात जपलेल्या माणसाच्या हातावर हा डाग आहे, आणि तो मी राहू देणार नाही.

प्रयोग सरळ होता. सिद्धेश्वरच्या जलाशयातले बोटभर मासे चार टाक्यांत ठेवले होते. दोन टाक्यांत शेतात फवारतात त्या औषधाचा अंश; दोन टाक्यांत पिंपातले निव्वळ साधे पाणी. विष अंगात शिरले की माशाच्या यकृतातले एक जनुक जागे होते आणि विषाचा निपटारा करू लागते; एरवी ते झोपून असते. औषधाने ते किती जागे होते, हे मोजायचे होते. साध्या पाण्यातल्या माशांनी झोपून राहावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. आमच्या विभागात ही अपेक्षा अवाजवी मानली जात नसे.

खंडेनवमीला विभागप्रमुखांनी उपकरणांची पूजा मांडली. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला हळद लागली, जनुके मोजणाऱ्या यंत्रापुढे नारळ फुटला. प्रयोगशाळेतले परिचर, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू, झेंडूचे हार घेऊन आले.

“घरच्या शेतातली फुलं हायत. परवाच फवारा मारला. एक जरी अळी निघाली तर नाव बदला माझं,” मामा अभिमानाने म्हणाले.

“मंग मासे काहून उघडे ठेवता, मामा? ते बी आपले कर्मचारीच की,” प्रमुखांनी फर्मावले.

“ती साध्या पाण्याची टाकी आहे. तिला काही लावू नका,” मी म्हणालो.

“नास्तिक तुमी आहात, सर. मासे न्हाईत,” प्रमुख म्हणाले.

सगळे हसले. मामांनी उरलेला हार त्या टाकीच्या काठावर चढवला. प्रसाद वाटला गेला, प्रमुखांनी कुलूप लावले आणि किल्ली दसऱ्याच्या सुटीभर स्वतःच्या खिशात बाळगली. सुटीनंतर दार उघडले, तेव्हा हार दोऱ्यासकट टाकीच्या पाण्यात भिजत पडला होता. पुढे तपासणी झाली आणि ज्यांनी झोपायचे, तेच मासे जागे निघाले.

देवाला वाहिलेल्या फुलातही विष असते, हे लिहिणे प्रमुखांच्या श्रद्धेला झेपले नाही. माझा हात कापतो, हे लिहिणे झेपले.

घटकाभर मानू, औषध पिंपातच सांडले. साध्या पाण्याच्या दोन्ही टाक्या त्याच पिंपातून, एकाच सकाळी, मीच भरल्या होत्या. हार मात्र एकीलाच पुरला होता. आणि जनुक त्या एकाच टाकीत जागे झाले.