सातवी टिप

धुकं इतकं दाट होतं की कारखान्याचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसत नव्हतं. आत सगळं लोखंड गारठलेलं. मिलिंगवाल्याने बोटांवर फुंकर मारली आणि मशीनवर फिरून लोखंड तासणारा गोल कटर पुढ्यात ओढला. आठ खाचा, कापणाऱ्या दातांसारख्या आठ टिपा. खाच ब्रशने झाडायची, टिप बसवायची, स्क्रू आवळायचा. मग उंची मोजणाऱ्या डायलची सुई टेकवून कटर हाताने फिरवायचा. आठही टिपा एका उंचीत हव्यात. एक जरी वर आली तरी सगळा भार तिच्या एकटीच्या मानेवर. सव्वीस वर्षं तो आपल्या आणि शेजारच्या मशीनचे कटर असे लावून देत आला होता. खात्यात त्याला 'केसभर' म्हणत, कारण तेवढाही फरक त्याला खपत नसे.

शेजारच्या मशीनवर त्याचे दाजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा कटर लावताना सातव्या टिपेवर सुई चार रेघा उडाली. खाली लोखंडाचा कण अडकला असणार. उघडून झाडायला हवं होतं. पण बोटं बधिर झालेली, चहा आलेला. त्याने तो स्क्रूच जोर लावून आवळला.

"एकदा डायल लावून बघू का रे?" दाजींनी विचारलं.

"माझ्या हातचं आहे, दाजी. मुलीच्या बापासारख्या चौकशा कसल्या करताय?"

दाजी हसले आणि त्यांनी कटर चढवला.

अर्ध्या तासात कडाड् झालं. सातवी टिप फुटली, मशीनवर तासायला लावलेल्या पंपाच्या अंगावर बोटभर लांब चर पडला. साहेब धावत आले. "कटर कोणी चढवला?"

"मी चढवला, साहेब," दाजी म्हणाले.

केसभर आपल्या मशीनवर वाकला होता. ऐकू आलंच नाही अशा थाटात तो वाकलेलाच राहिला.

दाजींची रवानगी कानशीच्या टेबलावर झाली, कडा घासायला. रविवारी ताई घरी आली. "ह्यांचे हात बघ एकदा. घास धरवत नाही रे. साहेब तुझं ऐकतात, शब्द टाक की."

"बघतो, ताई," तो म्हणाला, आणि त्याला ताईकडे बघवेना.

नवव्या दिवशी त्याने दाजींच्या टेबलापाशीच साहेबांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"नऊ दिवस काय मिठाची गुळणी धरून बसला होतास?" साहेब कडाडले. दाजींची कानस थांबली नाही.

शिक्षा म्हणाल तर झालीच नाही. कटर लावायला दुसरं कोण होतं? दाजी तेवढे मशीनवर परत आले.

दुसऱ्या दिवशी त्याने लावलेला कटर नेऊन दिला. दाजींनी डायल घेतली आणि एकेक टिप तपासू लागले.

"राग नाही रे," सुईवरची नजर न काढता ते म्हणाले. "पण आता बघितल्याशिवाय हात धजत नाही."

केसभर शेजारी उभा राहिला. एखाद्या टिपेवर सुई उडावी, दाजींनी चार शिव्या हासडाव्यात, असं त्याला फार वाटलं. सुई जागची हलली नाही.

"ठीक आहे," दाजी म्हणाले.

त्याने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि दाजींच्या मशीनखालचा लोखंडाचा चुरा ओढायला लागला.