आठ वाजताची भाजी

करीमभाऊ रोज सकाळी आठ वाजता जंगलातल्या माणसांना भाजी विचारायचे. चांद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक मोठा बोर्ड होता. त्यावर प्रत्येक लाइनीची एक पितळी झडप. पलीकडून कुणी फोनचा दांडा फिरवला की झडप खाली पडायची आणि घंटी वाजायची. करीमभाऊ तिथले ऑपरेटर. आठ वाजले की ते लाइनी तपासायला जंगलातल्या एकेका ठाण्याला रिंग देत. "काय गणपतभाऊ, आज भाजी कायची हाय?" गणपतभाऊ आलापल्लीच्या लाकूड डेपोतला फोन सांभाळायचे. त्यांना नातू झाल्याची बातमी त्यांच्या सख्ख्या भावाआधी करीमभाऊंना कळली होती.

मी तिथे नवा इन्स्पेक्टर. आमच्या घरातला पहिला पदवीधर; गावच्या मास्तरांनी स्वतःची पुस्तकं देऊन शिकवलेला. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. तारेचं माप घेऊन बिघाड कितव्या मैलावर आहे, हे मी कागदावर मांडू शकत असे. करीमभाऊ चौथी शिकलेले. पण वरचे इंजिनिअर आले की माझ्या टेबलावरून पुढे जात आणि विचारत, "काय करीम, लाइन कशी आहे?" माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. ते वाक्य ऐकलं की माझा जीव जळायचा.

एकदा मी चिडून म्हणालो, "एकही झडप पडलेली नाही. मग एवढ्या गप्पा कशाला?"

ते हसले. "पडलेली झडप तं आंधळ्यालेही समजते, साहेब. तार तुटली का झडप पडतच नाई. उगी राह्यते. तिचीच काळजी."

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच ते मला सहन झालं नाही. मी लेखी हुकूम काढला : तपासणीच्या वेळी 'लाइन ठीक?' एवढंच विचारावं. करीमभाऊंनी खाली सही केली.

आठवडाही झाला नसेल. आलापल्लीहून आठ वाजता "ठीक" आलं आणि दहाला सिरोंच्यापर्यंतची लाइन बंद पडली. तोडलेला साग तारांवर आला होता. दोन दिवस तो सगळा मुलूख मुका झाला. तारा जोडल्यावर मी फोनवर गणपतभाऊंवर ओरडलो, "लाइनीजवळची झाडं तोडणार, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"चार दिवस आधीपासून मालूम होतं, साहेब. पर तुम्ही लाइनच पुसली. आठ वाजता लाइन तं ठीकच होती."

इंजिनिअर चौकशीला आले. माझा हुकूम फायलीत होता आणि फाइल माझ्या हाताखाली. मी काही बोलायच्या आत करीमभाऊ म्हणाले, "मीच पुसलं नाई, साहेब. चुकी माही." मी फाइल उघडली नाही. मी कायम झालो. करीमभाऊंची सिरोंच्याला बदली झाली. त्यांच्या त्या वाक्याचाही मला हेवाच वाटला. मला ते जमलं नसतं.

निघताना म्हणाले, "आता भाजी तुम्हीच पुसा, साहेब. लोकं सांगतीन."

मी विचारू लागलो. लोक सांगूही लागले. पण शेवटी प्रत्येकजण म्हणायचा, "करीमभाऊले सलाम सांगजा." सिरोंच्याची झडप मात्र आठच्या आधीच पडायची. "साहेब, इथी आज अंबाडी हाय. अन् नदीले पाणी चढून राह्यलं. काठावरच्या खांबाईकडे माणूस धाडा."

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी ती झडप पडली नाही. मी स्वतः रिंग दिली. पलीकडे नवा आवाज होता. "लाइन ठीक हाय जी. करीमभाऊ काल सांजच्याले वारले."

मी गणपतभाऊंना कळवलं. थोड्याच वेळात बोर्डावरच्या झडपा एकामागून एक पडू लागल्या. बिघाड नव्हता. करीमभाऊ गेले हे खरं का, एवढंच प्रत्येक ठाण्याला विचारायचं होतं. मी एकेकाला सांगत गेलो. माझ्यासाठी एवढ्या झडपा कधी पडणार नाहीत, हे तेव्हाही मला टोचलं.

सगळ्या झडपा वर लावून मी सिरोंच्याला पुन्हा रिंग दिली. नव्या माणसाला विचारलं, "आज भाजी कसली आहे?"

"काऊन पुसता जी? लाइन तं ठीक हाय."