गव्हाच्या मटणातले हाड

वाचकहो, तुमच्या ताटातला घास कोणाचा जीव घेऊन आला आहे, असा प्रश्न तुम्ही कधी स्वतःला विचारला आहे काय?

मी विचारला होता. त्यापायी माझ्या सख्ख्या बहिणीवर माहेराला कायमचे मुकायची वेळ आली.

ही दोन वर्षांमागची गोष्ट. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि जगातले सगळे अन्याय मला तोंडपाठ होते. याला कारण शिरूरकडचा एक कासार. बांगड्या फुटू नयेत म्हणून तो पेटीत कागद कोंबून आणी, आणि तो कागद म्हणजे इंग्रजी हद्दीत छापलेल्या चोपड्या! आमच्या निजामी मुलखात शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू. छापील मराठी अक्षर दिसायचे ते असे बांगड्यांखाली दबलेले. गावातल्या बाया हात भरून घेत आणि मी डोके भरून घेई. हुंडा, दारू, तंबाखू, चहा... एकेका चोपडीसरशी मी एकेका गोष्टीच्या विरुद्ध होत गेलो. (चहा आमच्या गावात कोणी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. तरी मी त्याच्या विरुद्ध होतो.)

त्या आषाढात पेटीच्या तळाशी सापडली ‘मांसावाचून मांस’. सोळा पानांची चोपडी. गव्हाची कणीक मळायची, पाण्यात धूत राहायची, पांढरे पाणी निघून जाते आणि मागे उरतो तो चिवट गोळा म्हणजे साक्षात मांस! चव तीच, ताकद तीच, आणि पाप शून्य. वाचून माझ्या अंगावर काटा आला.

आणि नेमका त्याच दिवशी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दावणीला बोकड आणून बांधला.

“पाटील ऐतवारी जेवाया येणार हायत,” दादा म्हणाले. “मुंडी, नळी, कलेजी, कशाला कमी पडू द्यायचं न्हाई. पाटील खूश झाले तर अक्का पंचमीला घरी येईल.”

“आणि बोकड?” मी विचारले.

“बोकड कशाला येईल पंचमीला?”

पाटील म्हणजे आमचे व्याही दौलतराव, माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे, माजलगावकडचे बडे बागाईतदार. मिशा अशा की माणूस आधी मिशांना रामराम करी. मटणातली नळी दाताने फोडून खाणारा माणूस म्हणून पाच गावांत त्यांचे नाव. पण दीड वर्षापूर्वी अक्काच्या लग्नात ते चार घास खाऊन ताटावरून उठले होते. “मटण वातड हाय,” एवढेच बोलले आणि गाडी जुंपली. तेव्हापासून अक्का आमच्या दारात आली नव्हती. तिला आणायला दोनदा माणूस पाठवला, दोन्ही वेळा एकटाच परत आला. माय, म्हणजे माझी आई, कोणी लेकीचे नाव काढले की चुलीत फुंकर घालायला बसे. चूल विझलेली असली तरी.

आता दादांनी स्वतः जाऊन हातापाया पडून पाटलांना जेवणाला राजी केले होते. माझ्या बहिणीचे माहेर त्या बोकडावर टांगलेले होते. आणि मी त्या बोकडाच्या बाजूने होतो!

मी रोज गोठ्यात बसून बोकडाला चोपडी मोठ्याने वाचून दाखवू लागलो. ज्याचा प्रश्न आहे त्याला आधी जागे केले पाहिजे, असे माझे मत होते. तो इतका तल्लीन होऊन ऐके की मला भरून येई. चौदाव्या पानावर, ‘आता हा गोळा शिजवण्यापूर्वी’ इथपर्यंत मी आलो आणि आवेशाने हात वर केला. तेवढ्यात त्याने पंधरावे आणि सोळावे पान एका घासात खाल्ले.

म्हणजे गोळा कसा काढायचा ते मला कळले होते. शिजवण्यापूर्वी काय करायचे ते बोकडाच्या पोटात होते.

पण पानांच्या अभावी थांबेल ती क्रांती कसली? मी मायपुढे अन्नत्याग जाहीर केला: बोकड कापला तर मी जेवणार नाही. दीड दिवसात तिचा धीर सुटला. (आणखी दोन घटका ती थांबली असती तर माझा सुटला असता.)

“कर बाबा काय करायचं ते,” ती म्हणाली. “पर मसाला माझा. आन्‌ माझी लेक यायची ऱ्हायली, तर त्या बोकडाच्या जागी तुला कापीन.”

शनिवारी दादा पाटलांना आणायला गाडी घेऊन गेले. जाताना, ‘चांदभाईला बोलावून बोकडाचं उरकून घे,’ असे मला बजावून गेले. मी मान हलवली. (होकारार्थी नव्हे. नुसती हलवली.)

रविवारी उजाडताच कामाला लागलो. आमच्याकडे गहू सणासुदीचा. रोजचे खाणे ज्वारीचे. त्या गव्हाच्या घरातल्या सगळ्या पिठाची कणीक मळून मी घंगाळात धुवायला घेतली. पांढरे पाणी काही सरेना! आडावरून पोहरे ओढून हाताला फोड आले. शेजारची गोदाकाकू भिंतीवरून डोकावली.

“एवढं पानी? कुनी गेलं का काय तुमच्यात?”

“कुनी जाऊ नये म्हनून चाललंय,” माय आतून म्हणाली.

दुपारी एकदाचा गोळा हाती आला. करडा, लिबलिबीत, ओढला की हातभर लांब होई आणि सोडला की रागाने परत येई. मी तो अभिमानाने मायपुढे धरला. तिने दोन बोटांनी दाबला आणि कपाळाला हात लावला.

“आरं, ह्यो तर कुरडयाचा चोथा! चीक काढला की ह्यो आपुन म्हशीला घालतो!”

“माय, म्हैस आपल्याहून शक्तिमान आहे. याचा विचार कर.”

“आन्‌ चीक? चीक कुठं सांडलास?”

चोपडीत पांढऱ्या पाण्याबद्दल काही सांगितले नव्हते, म्हणून मी ते गटारात ओतायला निघालो होतो. मायने घंगाळ माझ्या हातून हिसकावून घेतले आणि आत नेऊन झाकून ठेवले. क्रांतीला काय उपयोगी आणि काय नाही, हे बायकांना कळत नाही, असे मी मनात म्हणालो.

एवढ्यात चांदभाई मुलाणी न बोलावताच सुरी परजत आला. गावात बोकड कापायचा मान त्याचा. मी त्याला सगळे समजावून सांगितले आणि मानाला धक्का लागू नये म्हणून गोळा पुढे केला. त्याने तो फिरवून फिरवून पाहिला.

“बावा, इसकू मान कां हय?”

“मान नाही, चांदभाई. यात हिंसाच नाही.”

“फिर मय काटूं कां से?” असे म्हणून तो ओट्यावर ठाण मांडून बसला. “जाता नै मय. मेरेकू देखना हय, पाटील क्या करते सो.”

आता प्रश्न उरला नळीचा. व्याह्याच्या ताटात नळी नाही म्हणजे त्याला दारात उभे केल्यासारखे. गव्हात नळी आणायची कुठून? घरभर फिरलो. शेवटी कोनाड्यात माझे लक्ष गेले. माझे बोरू! पोकळ, पांढुरके, बोटाएवढे जाड. ज्यांनी मी जुलमी जगाला पत्रे लिहिली (आणि दादांच्या भीतीने टाकली नाहीत) त्या लेखण्यांचे मी तुकडे केले, भोवती गोळा लपेटला आणि हंडीत सोडले. तत्त्वासाठी लेखणी मोडणारे लेखक तुम्ही ऐकले असतील. मी ती शिजवली.

रश्शाला उकळी फुटली तसे तुकडे फुगू लागले. लिंबाएवढे होते ते वांग्याएवढे झाले. हंडीवरचे झाकण उठले, खाली पडले, आणि एक तुकडा डोके वर काढून आमच्याकडे बघू लागला. माय त्याला पळीने आत ढकलत होती, तोवर दुसरा बाहेर! पण तिच्या येसर मसाल्याचा वास असा सुटला की ओट्यावरून चांदभाई म्हणाला, “खुशबू तो बकरे की हय, बावा!”

पाटील आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. शेजारी दादा. मी वाढायला. माय दाराआड.

पाटलांनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि चावू लागले. चावत राहिले. दादांची अर्धी भाकरी संपली, पाटील चावतच होते. मिशा वर जात होत्या, खाली येत होत्या. दादांनीही एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचे डोळे हळूहळू माझ्याकडे वळले.

“बोकड... कवळा हुता का?” पाटलांनी तोंडातल्या तोंडात विचारले.

“लई कवळा!” दादा मान खाली घालून म्हणाले.

मग पाटलांनी नळी उचलली. ओठांना लावली आणि जोरात ओढली. सुर्रर्र! बोरू आधी धुवायला हवे होते हे माझ्या लक्षात आले, पण ते सुर्रर्रच्या नंतर. पाटलांचे ओठ काळे झाले, मिशांची टोके निळी झाली. ते बोलायला गेले तर दात शाईचे! आणि व्याह्याला ‘तुमचे तोंड काळे झाले आहे’ असे सांगेल असा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मायचा आहे.

“पाटील,” दादा चाचरत म्हणाले, “पान खाऊन आलते का तुमी?”

उत्तर न देता पाटलांनी सगळ्यात मोठा तुकडा घेतला आणि जिवाच्या कराराने दात रोवले. तो चिवट! त्यांनी ओढला, तुकड्याने उलट ओढले. कट्‌!

पाटलांनी तोंडात दोन बोटे घातली आणि एक टणक, पिवळट वस्तू बाहेर काढली.

“हाड!” त्यांचा चेहरा प्रथमच उजळला. “हां, आता मटन खाल्ल्यावानी वाटलं!”

दादांच्या जिवात जीव आला. दाराआड मायने हात जोडले. मला फक्त गप्प बसायचे होते. अक्का पंचमीला येणार होती, बोकड वाचला होता, पाटील हसत होते. गप्प बसणे इतके सोपे काम माझ्या वाट्याला पुन्हा कधी आले नाही.

पण त्याच कासाराच्या पेटीतून मला सत्यावरचीही एक चोपडी मिळाली होती.

“मामा,” मी पाटलांपुढे उभा राहिलो. “ते हाड नाही. गव्हाला हाड नसते. तो तुमचा दात आहे.”

आणि त्याच क्षणी गोठ्यातून, जो आतापावेतो हंडीत असायला हवा होता, त्याने स्वतःची साक्ष दिली: “बेंऽऽऽ!”

“काय केलंस बे हे?” दादा ओरडले. पाटील ताटावरून उठले. दुसऱ्यांदा! पायताण घालून गाडीकडे निघाले. दादा मागे धावले, चांदभाई सुरी घेऊन तसाच दादांच्या मागे धावला, आणि ते पाहून पाटलांनी आणखी पाय उचलला.

तेव्हा जी माय व्याह्यापुढे जन्मात बोलली नव्हती, ती डोक्यावरचा पदर ओढून उंबऱ्यात आली.

“पाव्हण्याला म्हनावं, चूळ तरी भरून जावा. आन्‌ गरम चीक केलाय गूळ घालून, त्यो तोंडाला लावा. तुमी उपाशी गेलासा तर तिकडं माझी लेक कोन्या तोंडानं जेवल?”

पाटील थांबले. तांब्या घेतला. पहिली चूळ काळी, दुसरी लाल, तिसरी पांढरी. मग ते तसेच उभे राहिले. जीभ गालात फिरवली. गाल दाबून पाहिला. पुन्हा दाबला.

“गेली की!”

“काय गेलं, पाटील?” दादा रडकुंडीला आले होते.

“कळ! दाढंची कळ!” पाटील मटकन ओट्यावर बसले. “दीड वरीस हालतीया, ठनकतीया. घास चावला की डोळ्यात पानी. कुनाला सांगू? नळ्या फोडनारा दौलतराव म्हनत्यात मला! म्हनून रुसवा धरला. तुमच्या लग्नातलं मटन वातड न्हवतं, व्याही. माझी दाढ वातड हुती.”

दीड वर्ष माझी बहीण एका दाढेपायी अडकून पडली होती!

पाटलांनी चिकाच्या तीन वाट्या संपवल्या, तुपासकट. जाताना मायकडे न बघता म्हणाले, “पोरगी पंचमीला यील. आन्‌ दर पंचमीला यील.” मग माझ्याकडे वळले. मी सत्य आणि अहिंसा या दोहोंच्या वतीने मान ताठ केली. “आन्‌ तू बे! त्यातला एक गोळा बांधून दे. आमच्या थोरल्या भावाची दाढ लई दुखती.”

अक्का आली. गाडीतून उतरली ती हसतच. “मामंजींची जीभ आठ दिस निळी हुती रं!” एवढे म्हणाली आणि मग मायच्या गळ्यात पडून दोघी अशा रडल्या की मी बोकडाकडे निघून गेलो.

माझ्या गव्हाच्या मटणाने एकाही माणसाने मांस सोडले नाही. पाटलांनी तर दाढ गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात चांगली नळी फोडली. पण पार धारूरच्या बाजारापर्यंत आता माझे नाव झाले आहे. माणसे गालाला फडके बांधून आमचे घर विचारत येतात. ‘दाढंवाल्याचं घर कंचं?’ जगाचे अन्याय उपटायला निघालेला मी, लोकांच्या दाढा उपटतो आहे!

म्हणून वाचकहो, हात जोडून एकच विनंती. तुमच्यापैकी कोणाकडे ‘मांसावाचून मांस’ ही चोपडी असेल, तर तिचे पंधरावे आणि सोळावे पान उतरवून मला आजच पाठवा. तो गोळा मऊ करायची युक्ती त्यात नक्की असणार. फक्त कागद डब्यात घालून, झाकण घट्ट लावून पाठवा. बोकड अजून जिवंत आहे, आणि त्याची वाचनाची आवड कमी झालेली नाही.